डावे मागचे दार

माघातल्या एका सोमवारी, सकाळी दहाच्या सुमारास, हळ्ळीखेडचा शिवकुमार आपली करडी मोटार घेऊन रेवणसिद्धाच्या शेडवर आला. काम साधे होते. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉलीतून बाहेर आलेली एक सळई गाडीच्या डाव्या अंगाला घासून गेली होती. मागच्या दारावर हातभर लांबीचा ओरखडा उमटला होता, आणि त्याच्या शेपटाशी तीन ठिकाणी रंगाचे टवके उडून आतला पत्रा उघडा पडला होता.

“अण्णा, शुक्रवारी पाहिजे बगा,” शिवकुमार म्हणाला. त्याचे तुरीचे आणि हरभऱ्याचे अडत दुकान होते, आणि बोलताना तो नेहमी दुसरीकडे निघाल्यासारखा उभा राहत असे. “आमच्या अप्पाला घेऊन मादन हिप्परग्याला जायचंय. म्हातारं रोज दाराकडं बगतंय अन् मला शिव्या द्यायलंय. सळई गाडीला न्हाई, त्येच्या काळजाला घासलीय.”

“शुक्रवारी घ्या,” रेवणसिद्ध म्हणाला, आणि त्याने तळहात दारावर ठेवला.

रेवणसिद्धाची शेड हुमनाबादहून बिदरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गाव संपून ज्वारीची राने लागतात त्या वळणावर आहे. शेडच्या पाठीशी त्याचे दोन खोल्यांचे घर. पत्नी वारून नऊ वर्षे झाली होती. एकच मुलगी, शैलश्री, कलबुर्गीच्या एका दवाखान्यात नर्स होती आणि त्या आठवड्यात चार दिवसांच्या रजेवर घरी आली होती. रेवणसिद्धाने आयुष्यात दोनच गोष्टींचा अभिमान बाळगला: ही मुलगी, आणि आपला उजवा तळहात. डोळे मिटून तो पत्र्यावरून हात फिरवी आणि केसाएवढा खळगा कोठे आहे ते सांगे. लोक बिदरहून गाड्या आणीत ते त्या तळहातासाठी.

मेटॅलिक रंगाचे काम सर्वांना जमत नाही. साधा रंग हा नुसता रंग असतो; मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचा अतिशय बारीक चुरा मिसळलेला असतो, आणि फवारताना तो चुरा पत्र्यावर कसा निजतो, उताणा की कुशीवर, यावर गाडीची छटा ठरते. समोरून हुबेहूब जुळलेला रंग बाजूने पाहिला की फितूर होतो. म्हणून जाणता कारागीर काम संपल्यावर गाडीसमोर उभा राहत नाही. तो उकिडवा बसतो, मान तिरपी करतो आणि उन्हाच्या कडेने दाराकडे पाहतो.

रेवणसिद्ध तरुणपणी हैदराबादेत ज्या उस्तादाच्या हाताखाली शिकला, त्याने त्याला एक नियम घालून दिला होता. गाडीला लागले कसे, हे मालकाला विचारायचे नाही. विचारले की मालक खोटे बोलतो आणि कामात त्याचे खोटे मिसळते. रेवणसिद्धाने हा नियम इतका पाळला, की पुढे पुढे तो मालकाला काहीच विचारीनासा झाला. दुसरी एक रीत त्याची स्वतःची होती. उघड्या पत्र्यावर खळगे बुजवणारी पहिली पुट्टी भरताना तो तीत चिमूटभर विभूती वस्त्रगाळ करून कालवी. घरातली विभूती मठातून येई. नव्या घराच्या उंबऱ्याला विभूती लावतात, बैलाच्या कपाळाला लावतात; मग ज्यात माणसे बसणार त्या वाहनाला का लावू नये, असा त्याचा सरळ विचार होता. आजपर्यंत त्या रीतीने कोणाचे वाईट झाले नव्हते.

मंगळवारी त्याने ओरखडा घासून त्याच्या कडा मऊ केल्या आणि विभूतीचा डबा उघडला. डबा रिकामा होता. मठाकडे जायचे म्हणजे अर्धा दिवस मोडणार. असा विचार करीत त्याने दाराच्या आतल्या कप्प्यातले सामान बाहेर काढायला घेतले, तेव्हा जुनी पावती, एक कंगवा आणि प्लास्टिकची बाटली यांच्या तळाशी त्याला पांढऱ्या फडक्याची एक पुरचुंडी लागली. आत बेलाच्या वाळलेल्या पानात गुंडाळलेली, सुपारीएवढी विभूतीची वडी होती.

रेवणसिद्धाला समाधान वाटले. ज्याची गाडी, त्याचीच विभूती; याहून उचित ते काय? शिवकुमारला फोन करून विचारणे त्याच्या मनातही आले नाही. त्याने ती सगळी वडी कुटली, फडक्यातून गाळली आणि पुट्टीत कालवली.

त्या दिवशी पुट्टी लवकर वाळली नाही. उन्हात पत्रा तापला होता, तरीही तो पट्टा तीन तास मऊ राहिला. हात लावला की गार लागे. रांजणाच्या पोटाला हात लावावा, तसा. रेवणसिद्धाने पुट्टीच्या डब्यावरची तारीख पाहिली, दुकानदाराला मनातल्या मनात दोष दिला आणि काम पुढे चालू ठेवले. बुधवारी प्रायमर झाला. गुरुवारी रंगाचे तीन पातळ हात आणि वर चकाकीसाठी लॅकर. शुक्रवारी सकाळी त्याने दार चमकवले, तेव्हा घाव कोठे होता हे त्याचे त्यालाही सांगता आले नसते.

अकरा वाजता शिवकुमार आला. बरोबर त्याचे वडील महादेवप्पा होते. वय एक्याऐंशी, काठी हातात, धोतर पांढरेशुभ्र. शैलश्री घरातून ताकाचे पेले घेऊन आली. शिवकुमार पुढे जाऊन गाडी सुरू करून पाहू लागला, आणि म्हातारा काठी टेकीत त्या डाव्या मागच्या दारासमोर येऊन उभा राहिला. शैलश्री त्याच्या शेजारी पेला घेऊन उभी होती.

“रेवणसिद्धा, घाव कुटं होता ते दाव की.”

“दिसला तर माझं काम चुकलं म्हणायचं, अप्पा.”

“मग माझ्या तोंडावरच्या सुरकुत्याबी काढ एकदा. दोन डबे लागतील.”

“आजोबा, त्यांच्या नादी लागू नका,” शैलश्री म्हणाली. “घरच्या भिंतीला धा वर्सं झाली रंग लावला न्हाई. त्यांना चार चाकं असल्याबिगर काही दिसतंच न्हाई.”

म्हातारा हसला. रेवणसिद्धही हसला, आणि सवयीप्रमाणे दाराच्या बाजूला उकिडवा बसून, मान तिरपी करून त्याने रंगाकडे पाहिले.

रंग जुळला होता. पण दारात दिसणारी माणसे बसलेली होती.

हे नीट समजून घेतले पाहिजे. म्हातारा आणि मुलगी त्याच्यापासून दोन हातांवर उभी होती. म्हाताऱ्याचे धोतर वाऱ्याने हलत होते, मुलीच्या हातातल्या पेल्यावर ऊन पडले होते. दाराच्या चकाकीत मात्र दोघेही मांडी घालून, पाठ ताठ ठेवून, शेजारी शेजारी बसली होती. दोघांचे डावे हात मांडीवर, तळवे वर केलेले. म्हाताऱ्याची मान उजव्या खांद्याकडे किंचित कलली होती. काठी त्या चित्रात नव्हती. पेलाही नव्हता.

रेवणसिद्धाला भय वाटले नाही. त्याला लाज वाटली. पत्र्याला पोट आले की त्यात दिसणारी माणसे ठेंगणी होतात, हे त्याला चाळीस वर्षांपासून ठाऊक होते. पुट्टी कोठेतरी फुगली, असेच त्याने ताडले. त्याने डोळे मिटले आणि दारावरून तळहात फिरवला. वरून खाली, मग आडवा. दार सपाट होते, वाण्याने पुसून ठेवलेल्या पारड्यासारखे गुळगुळीत होते. डोळे उघडून तो पुन्हा पाहणार, तोच म्हातारा दार उघडून आत बसला, शिवकुमारने हात केला आणि गाडी रस्त्याला लागली.

“काय झालं, अप्पा?” शैलश्रीने विचारले.

“काही न्हाई. पुट्टी जरा फुगली असंल.”

तो स्वतः उकिडवा बसला होता. त्यामुळे त्याचे स्वतःचे प्रतिबिंब बसलेले होते यात त्याला त्या वेळी नवल वाटण्याचे कारण नव्हते.

पुढचे चार दिवस ते दार त्याच्या मनात सलत राहिले, पण ते केवळ चुकलेल्या कामासारखे. शनिवारी शैलश्री कलबुर्गीला परत जायची होती. ती गेली नाही. गुडघे दुखतात, म्हणाली. आठवडाभर रजा वाढवली. रेवणसिद्धाने त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. दिवसभर वॉर्डात उभी राहणारी मुलगी, थोडी बसली तर बिघडले काय?

बुधवारी सकाळी शिवकुमारचा फोन आला. महादेवप्पा पहाटे पूजेला बसले ते उठलेच नाहीत.

रेवणसिद्ध मातीला गेला. लिंगायतांत मृताला निजवीत नाहीत. स्नान घालून, विभूती लावून त्याला मांडी घालून बसवतात, तसेच बसवून मिरवत नेतात, आणि आपल्याच शेतात खोदलेल्या खड्ड्यात बसलेल्या स्थितीतच मातीआड करतात. निर्णा गावाच्या वाटेवरच्या त्यांच्या शेतात खड्डा तयार होता. शेजारीच एक समाधी होती, महादेवप्पांच्या आईची. ती गेल्या वर्षीच, शंभरीला टेकून, गेली होती. दुपारचे बारा वाजले होते. कडक ऊन होते, सगळे स्वच्छ दिसत होते.

क्रियेला गुरुपादय्या स्वामी होते. चौघांनी देह खाली उतरवला आणि पूर्वेकडे तोंड करून बसवला. डाव्या तळहातावर त्यांच्या गळ्यातले इष्टलिंग ठेवले. तेवढ्यात मान उजव्या खांद्याकडे कलली. स्वामींनी ती सरळ केली. ती पुन्हा कलली. तिसऱ्यांदा सरळ केली, आणि ती तिसऱ्यांदा, सावकाश, उजवीकडे गेली.

“असू दे,” स्वामी म्हणाले. “तसंच बसायचंय त्यांना.”

रेवणसिद्ध खड्ड्याच्या काठावर उभा होता. वरून, तिरप्या नजरेने, तो पाहत होता. ताठ पाठ, मांडी, वर केलेला तळवा, कललेली मान. हे त्याने पाहिले होते. याच कोनातून पाहिले होते, पाच दिवसांपूर्वी. त्या वेळी हा माणूस ताक पीत होता.

मग बेलपत्री पडू लागली आणि विभूतीच्या वड्या आल्या. स्वामींनी टोपली उलटी करून झटकली.

“एकबी ऱ्हाता कामा नये,” ते म्हणाले. “क्रियेची विभूती बसलेल्याची असती. ती परत घरी येत न्हाई.”

“मागच्या वर्सी एक ऱ्हायली होती, स्वामी,” शिवकुमार हळूच म्हणाला. “आज्जीच्या टायमाला. गडबडीत माझ्या गाडीतच ऱ्हायली... परवा बगितलं तर ती पुरचुंडी जाग्यावर न्हाई. कुटं गेली कुणाला ठावं.”

स्वामींनी त्याच्याकडे पाहिले. माती पडू लागली होती.

रेवणसिद्ध कोणालाही न सांगता निघाला. मोटारसायकलवरून घरी येईपर्यंत त्याच्या डोक्यात एकच चित्र होते, आणि त्या चित्रातला म्हातारा आता वजा झाला होता. उरली होती ती एकटी शैलश्री.

घरात ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. समोर सुपात तुरीची डाळ होती, पण ती निवडत नव्हती. मांडी घातली होती. डावा हात मांडीवर उताणा पडला होता.

“उठ,” रेवणसिद्ध म्हणाला.

“उठते की. जरा बसू द्या.”

“आत्ता उठ, शैला.”

तिने प्रयत्न केला. हात टेकला, कंबर उचलली, आणि पुन्हा खाली बसली. तिला हसू आले. “बगा की. म्हातारी झाले मी. सकाळपासून हितंच हाय. उभं ऱ्हायलं की कसं परकं वाटायलंय... बसलं की बरं वाटायलंय.”

“दुखायलंय का?”

“न्हाई. आता काहीच दुखंना झालंय.”

तिने हे नर्सच्या कोरड्या आवाजात सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच तो हळ्ळीखेडला पोहोचला. घरापुढे मांडव होता, पाहुणे चहा पीत होते. करडी गाडी लिंबाखाली उभी होती. तो दाराच्या बाजूने फिरकला नाही. त्याने शिवकुमारला बाजूला बोलावले आणि गाडी पुन्हा शेडवर न्यायची आहे, असे सांगितले.

“आज? अण्णा, पाहुण्यांना आणायला तीच एक गाडी हाय.”

“दोन दिवस द्या.”

“पण काम चांगलं झालंय की. काल सगळ्यांनी बगितलं. कुटं लागलं होतं ते कुणाला सापडंना.”

मांडवातून तात्याराव नावाचा त्यांचा एक पाहुणा म्हणाला, “हुमनाबादचा रेवणसिद्ध काम परत मागायलाय? जग बुडालं म्हणा मग.” दोघेतिघे हसले.

रेवणसिद्धाला चाळीस वर्षांत कोणी काम परत करायला लावले नव्हते. त्याने मान खाली घातली नाही, पण आवाज खाली आला. “माझं काम चुकलंय,” तो सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला. “पत्रा बरुबर झाला न्हाई. चार दिवसांत लॅकर फुटंल, अन् लोक तुमाला न्हाई, मला हसतील. किल्ली द्या.”

शिवकुमारने किल्ली दिली. विभूतीबद्दल रेवणसिद्ध काही बोलला नाही. बापाच्या मातीला एक दिवस झाला नाही तोवर मुलाला असे काही सांगू नये, एवढा विचार त्याला होता. शिवाय सांगितले असते तर किल्ली मिळालीच असती, याची खात्री नव्हती.

शेडवर त्याने गाडी अशी लावली की डावे दार भिंतीकडे यावे. मग बाजूने हात घालून, न पाहता, ते सगळे दार जुन्या वर्तमानपत्रांनी आणि चिकटपट्टीने झाकून टाकले. त्यानंतर त्याने एका टोकाला चार बोटांची उभी फट कापली. तेवढेच उघडे, बाकी झाकलेले. तेवढा पट्टा पत्र्यापर्यंत घासायचा, तो झाकायचा, पुढची फट उघडायची. चकाकीत कोणाला बसायला जागाच मिळू नये, अशी त्याची योजना होती. आणि डोळे मिटून. खाली त्याने परात ठेवली, म्हणजे घासलेल्या रंगाचे पाणी जमिनीवर जाणार नाही. पॉलिशपेपर भिजवला आणि कामाला सुरुवात केली.

दुपारचे ऊन पत्र्यावर तडतडत होते. रस्त्यावरून ट्रक जात होते. हे सगळे नेहमीचेच आवाज होते, आणि त्यांच्यात कागदाची खरखर मिसळत होती. लॅकर गेले, रंग गेला, प्रायमर गेला. रंग घासताना थिनरसारखा उग्र वास येतो. तसा तो आलाही. पण तिसऱ्या पट्ट्याला पुट्टी लागली, आणि वास बदलला. ओल्या काळ्या मातीचा वास आला. त्यात कुस्करलेल्या बेलाचा वास होता.

भिंतीपलीकडून, घरातून, शैलश्रीची हाक आली. भिंत एका विटेची होती; हळू बोललेलेही ऐकू येई.

“अप्पा...”

“काय गं?”

“तुमी घासायलाव का?”

“व्हय.”

“मला ऐकू यायलंय...” ती थांबली. “कानानं न्हाई, अप्पा. गुडघ्यात ऐकू यायलंय.”

त्याचा हात थांबला. मिटलेल्या डोळ्यांआड लालसर अंधार होता.

“दुखायलंय?”

“न्हाई... दुखंना. तुमी थांबू नका.”

तो थांबला नाही. चौथा पट्टा झाला, पाचवा झाला. उरला शेवटचा, जेथे तीन टवके होते आणि पुट्टी सर्वांत जाड होती, तो. त्याने चिकटपट्टी सोलली, पाणी मारले आणि घासण्याआधी सवयीने तळहात ठेवला.

तळहाताला दाराचा सपाटपणा लागला नाही. वाटीसारखा गोल उंचवटा लागला; वर ताणलेल्या कातडीसारखे काहीतरी, आणि खाली हाडाची कड. त्याच्या तळहाताला पत्र्यातला केसाएवढा खळगा कळत होता. माणसाचा गुडघा कळायला त्याला वेळ लागला नाही. तो गार होता.

या ठिकाणी दुसरा माणूस पळाला असता. रेवणसिद्धाने कागद गुडघ्यावर टेकवला आणि घासू लागला. एका तालात, वरून खाली. ना जोर कमी, ना जास्त. घरातून आवाज येईनासा झाला होता. कागदाखालचा गोलवा हळूहळू उतरत होता, जशी पुट्टी उतरते तसाच. परातीत पाणी ठिबकत होते. त्याने एकदा “शैला” अशी हाक मारली; उत्तर आले नाही. त्याने कागद बदलला. तो घासत राहिला, आणि बऱ्याच वेळाने कागद लोखंडावर किर्रकन वाजला.

त्याने डोळे उघडले. समोर चार बोटांचा उघडा, निस्तेज पत्रा होता. त्यात काहीही दिसत नव्हते.

मागे पावलांचा आवाज झाला. शैलश्री शेडच्या दारात उभी होती. एक हात चौकटीला, चेहरा झोपेतून उठल्यासारखा.

“पायाला मुंग्या आल्यात,” ती म्हणाली. “लई मुंग्या आल्यात, अप्पा.”

रेवणसिद्धाने परात एका डब्यात ओतली, त्यात कागदाचे तुकडे, चिंध्या, वर्तमानपत्रे, सगळे भरले, आणि तो सरळ गुरुपादय्यांकडे गेला. यांना मात्र त्याने सर्व सांगितले. स्वतःची रीत सांगितली, न विचारता घेतलेली वडी सांगितली. स्वामींनी मध्ये एकही प्रश्न केला नाही. सूर्य मावळायच्या आत दोघे निर्ण्याच्या वाटेवरच्या शेतात गेले आणि म्हातारीच्या समाधीच्या कडेला हातभर खोल खड्डा करून डबा त्यात रिता केला. पाणी मुरायला वेळ लागला नाही.

“झालं का, स्वामी?”

“विभूती जिथली तिथं गेली,” गुरुपादय्या हातांची माती झाडीत म्हणाले. “माझ्या हातचं तेवढंच होतं.”

“अन् बाकी?”

“बाकी तुमी बगितलं, मी न्हाई.”

दार नव्याने झाले. या वेळी पुट्टी नुसती पुट्टी होती आणि ती अर्ध्या तासात वाळली. शनिवारी सकाळी रेवणसिद्धाने मुलीला दारासमोर उभे केले, स्वतः शेजारी उभा राहिला, आणि मग मनाचा हिय्या करून मान तिरपी केली. चकाकीत दोन माणसे उभी होती. मुलीने केस सारखे केले. दारातल्या मुलीनेही केले. त्याला इतके हलके वाटले की त्याने त्या दिवशी दुसरे काम घेतले नाही. शिवकुमारने गाडी नेली. रविवारी शैलश्री कलबुर्गीच्या बसमध्ये चढली, आणि जागा असूनही हुमनाबादपासून कमलापूरपर्यंत मुद्दाम उभी राहून गेली, असे तिने फोनवर हसत सांगितले.

त्यानंतर तीन आठवडे काही झाले नाही. ती रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन करी. गुडघे ठीक होते. बारा बारा तास उभी असते, म्हणे.

चौथ्या आठवड्यात तिची ड्युटी डोळ्यांच्या वॉर्डात लागली. एका दुपारी फोनवर इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ती म्हणाली, “अप्पा, एक गंमत सांगते. आळंदकडची राजूबाई म्हणून एक म्हातारी हाय. दोनी डोळ्यांवर पट्टी. पायांच्या आवाजावरनं सगळ्या सिस्टर ओळखती. मला मात्र रोज एकच म्हणती.”

“काय म्हणती?”

“म्हणती, लेकरा, खाली फरशीवर कामून बसतीस, गार लागंल. मी म्हणलं, आज्जी, मी उभी हाय तुमच्या खाटेजवळ. तर म्हणती, मग तुझा आवाज खालून कामून यायलाय?”

रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि शेडचा पत्रा थरथरला.

“म्हातारं माणूस, पट्टीनं भास होतात,” शैलश्री म्हणाली. “मी बी सोडून दिलं. पण आज... ऐकायलाव का?”

“ऐकायलोय.”

“आज तिला औषध द्यायला गेले. उभीच होते मी, अप्पा, दोनी पायांवर. तिनं खाटेवरनं हात खाली सोडला, पार खाली, फरशीच्या वर हातभर. अन् तिथंच मोकळ्या हवेत कुणाच्या तरी डोक्यावरनं फिरवावा तसा मायेनं फिरवायली. मला हसू आलं...” तिचा आवाज जरा लांब गेला, आणि परत आला. “पण तो हात माझ्या केसांना लागत होता.”